जुनी विद्युत् गिटार घेताना

माझ्या एका विद्यार्थ्याने दोन वर्षे साठविलेले पैसे एका चकचकीत जुन्या गिटारीवर घातले. घरी आणल्यावर कळले, तिच्या दांडीला पीळ पडला होता. म्हणून सांगतो, रंग शेवटी पाहावा, दांडी आधी.

गिटार डोळ्यांसमोर धरून दांडीवरून सरळ नजर टाकावी. साधा बाक असल्यास आतील पोलादी सळई फिरवून तो बहुधा काढता येतो. पीळ असल्यास मात्र सौदा सोडावा. मग तार बाराव्या पडद्यावर दाबून छेडावी. मोकळ्या तारेचाच स्वर वरच्या सप्तकात उमटला पाहिजे. किंचित फरक असल्यास तो घोडीवरील स्क्रूने मिटतो.

इतर दोष स्वस्तात सुधारतात. बटण फिरविताना होणारी खरखर बहुधा धुळीची असते. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वरची पोलादी तार कंप पावली की त्यांत वीज उपजते. तो पुढे बदलता येतो. परंतु प्रथम नव्या तारा चढवाव्यात. पुष्कळदा तेवढ्यानेच वाद्य पुन्हा बोलू लागते.

दांडी सरळ असली, म्हणजे बाकीची गिटार सवडीने घडविता येते.