विकतचे काटे

इंग्लंडमध्ये मुलीकडे राहून आलेल्या एका वाचकांचा प्रश्न : आपल्या माळरानावरची उटकटारी तिथले लोक पैसे मोजून बागेत कशाला लावतात?

ती उटकटारी नव्हे, तिची युरोपातली बहीण. एकिनॉप्स रिट्रो, म्हणजे ग्लोब थिसल. कुळ सूर्यफुलाचंच, पण संसार निराळा. सूर्यफुलात शेकडो फुलं एकाच तबकात दाटीवाटीने बसतात. इथे चाळीतल्या बिऱ्हाडांसारखा प्रत्येक फुलाला स्वतःचा उंबरठा : एकेका फुलाभोवती वेगळी छदं, आणि अशा एकफुली तबकांचा मिळून तो पोलादी निळा चेंडू. फुलं वरून खाली उमलत येतात. मधमाश्या आणि गुबगुबीत बंबलबी त्यावर तुटून पडतात.

म्हणून नर्सरीवाले कुंडीवर ‘कीटकांसाठी उत्तम’ अशी चिठ्ठी लावतात. खरी, पण अर्धीच. सिर्सियम रिव्ह्युलेअर या दुसऱ्या एका थिसलचा ‘अ‍ॅट्रोपर्प्युरियम’ हा गडद किरमिजी वाण घ्या. मध भरपूर, पण बी जवळजवळ धरतच नाही. गड्डे फोडूनच तो वाढवावा लागतो. काट्यांतून बी उपसायला टोकदार चोच घेऊन आलेल्या गोल्डफिंच पक्ष्याला तिथे उपास. त्याची खरी भिस्त रानटी थिसलवर. पेंटेड लेडी फुलपाखराच्या सुरवंटांनाही त्यांचीच पानं आवडतात. आणि त्यांतल्या दोन जाती ब्रिटनच्या १९५९ च्या तणकायद्यात उपद्रवी म्हणून नोंदलेल्या! (बागेत उगवली म्हणून कोणी पकडून नेत नाही, पसरू देऊ नका, असा आदेश मात्र निघू शकतो.)

बागवानांचं आणखी एक लाडकं रुपेरी ‘थिसल’ म्हणजे ‘मिस विल्मॉट्स घोस्ट’. ते थिसल नाहीच, आपल्या कोथिंबिरीच्या कुळातलं कॉकेशसचं एरिंजियम आहे. बागवान एलन विल्मॉट दुसऱ्यांच्या बागांत गुपचूप याचं बी फेकायच्या, ही दंतकथा झाडासोबत फुकट मिळते. बाईंची ओळख तेवढीच उरावी याचा मला राग येतो. १८९७ मध्ये बागकामासाठीच्या व्हिक्टोरिया पदकाच्या पहिल्या ६० मानकऱ्यांत स्त्रिया दोनच होत्या : गर्ट्रूड जेकिल आणि या. निसर्गअभ्यासकांच्या लिनियन सोसायटीने स्त्रियांना दारं उघडली तेव्हा आत गेलेल्या पहिल्या स्त्रियांमध्येही त्या होत्या. एसेक्समधली त्यांची वॉर्ली प्लेसची बाग आज वन्यजीवांसाठी राखीव आहे.

हे एरिंजियम एकदा फुललं, बी धरलं की मरतं. शरदात बाग नीटनेटकी करायच्या हौसेने त्याचे दांडे छाटले तर पुढच्या रोपांचं बीच जातं. तेव्हा कात्री निदान बी गळेपर्यंत लांब ठेवावी.