सैन्याच्या हाती न लागणारा देश

१९४३ साली, महायुद्धाच्या धामधुमीत, एस्टोनियातल्या एका शेतघरात धुराड्याच्या तळाशी एक झेंडा दडवण्यात आला. निळा, काळा, पांढरा असे तीन आडवे पट्टे. १८८४ मध्ये तार्तूच्या एका विद्यार्थी मंडळाने ओतेपा गावच्या पाद्र्याच्या घरी तो विधिपूर्वक पवित्र करून घेतला होता आणि पुढे हेच रंग राष्ट्रध्वजाचे झाले. सोव्हिएत अमलात ते रंग मिरवणाऱ्याला तुरुंगाची धास्ती असे. स्वातंत्र्य परत आले तेव्हा झेंडा शाबूत बाहेर निघाला. आज तो तार्तूच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे.

एस्टोनियाचा इतिहास चाळताना अशी जपणूक वारंवार भेटते. जमीन आपल्याकडे राहीलच याचा भरवसा नसलेल्या या लोकांनी आपला देश जमिनीखेरीज इतरत्रही ठेवला.

फिनलंडच्या आखाताच्या दक्षिणेला, रशिया आणि लाटव्हिया यांच्यामध्ये हा देश आहे. क्षेत्रफळ सुमारे ४५ हजार चौरस किलोमीटर. त्यातले निम्मे जंगल, बरीच दलदल आणि दोन हजारांहून जास्त बेटे. सर्वांत उंच टेकडी अवघी ३१८ मीटरची. लोकसंख्या जेमतेम पावणेचौदा लाख, म्हणजे आपल्या नाशिक शहराहूनही कमी. भाषा फिनिशच्या कुळातली. शेजारच्या रशियन किंवा लाटव्हियनशी तिचे गोत्र जुळत नाही.

तेराव्या शतकात डॅनिश राजा आणि जर्मन धर्मयोद्धे आले, मग स्वीडन आणि १७१० पासून रशियाचा झार. सिंहासनावर कोणीही बसो, जमीन मात्र जर्मन जमीनदारांकडेच राहिली. राजधानी तालिनचे देखणे जुने शहर, ज्याला १९९७ मध्ये जागतिक वारशाचा मान मिळाला, तेही मुख्यतः जर्मन व्यापाऱ्यांनी वसवलेले. एस्टोनियन माणूस होता भूदास. उत्तरेत १८१६ मध्ये आणि दक्षिणेत १८१९ मध्ये भूदासपणा संपला, आणि बहुतेकांना आडनावे मिळाली ती त्यानंतरच.

या शेतकऱ्यांना आपण एक राष्ट्र आहोत असे वाटू लागले ते वर्तमानपत्र आणि गाणे यांच्यामुळे. योहान वोल्देमार यान्सेन यांनी १८५७ मध्ये साप्ताहिक काढले. भूदासमुक्तीला पन्नास वर्षे होत असल्याचे निमित्त साधून त्यांनी १८६९ मध्ये तार्तूत पहिला गीतमहोत्सव भरवला. गायक-वादक आठशेहून अधिक, आणि सगळे पुरुष. बहुतेक गाणी परकी होती. एस्टोनियन संगीतकाराची दोनच, आणि दोन्हींचे शब्द यान्सेन यांची मुलगी लिडिया कोइडुला हिचे. १८८८ मध्ये पाद्री याकोब हुर्त यांनी लोकगीते, म्हणी, गोष्टी लिहून पाठवा असे आवाहन केले. हजाराहून जास्त शिक्षक-शेतकऱ्यांनी प्रतिसाद दिला आणि एक लाखाहून अधिक पाने जमली. राज्य नव्हते, पण राज्याचे दफ्तर तयार होऊ लागले होते.

१९१८ साली स्वातंत्र्य मिळाले आणि १९४० मध्ये सोव्हिएत संघाच्या कब्जात गेले. मार्च १९४९ मध्ये काही दिवसांत वीस हजारांहून अधिक माणसे, त्यांत बायका-मुले बहुसंख्य, मालगाड्यांत घालून सायबेरियाकडे रवाना केली गेली. १९५० मध्ये गीतमहोत्सवाच्या तीन प्रमुख संचालकांना अटक झाली. महोत्सव बंद पडला नाही, पण त्यात लेनिन-स्टॅलिनची स्तुती शिरली. कोइडुलाच्या ज्या कवितेला गुस्ताव एर्नेसाक्स यांनी नवी चाल लावली होती, ती कार्यक्रमपत्रिकेतून वगळली गेली. १९६० मध्ये मात्र कार्यक्रम संपल्यावर गायक आणि श्रोते यांनी तीच आपणहून सुरू केली.

हे एकाएकी घडले असे वाटते, पण त्यामागची तालीम जुनी होती. महोत्सव साधारण पाच वर्षांनी येतो. गाणी आधी जाहीर होतात. गावोगावचे वृंद शाळेत किंवा समाजगृहात हिवाळाभर ती घोटतात. परीक्षक ऐकून निवड करतात. जुलैत आपापल्या परगण्याचे पट्टेदार घागरे नेसून बायका तालिनच्या रस्त्यांवरून मिरवत मैदानाकडे निघतात. तिथल्या भव्य कमानीखाली वीस-वीस हजार गळे एका संचालकाच्या हाताकडे बघत गातात. सप्टेंबर १९८८ मध्ये याच मैदानावर सुमारे तीन लाख लोक स्वातंत्र्याची मागणी ऐकायला जमले. पुढल्या वर्षी २३ ऑगस्टला तालिनपासून लिथुआनियातल्या व्हिल्नियसपर्यंत तिन्ही बाल्टिक देशांतल्या जवळपास वीस लाख लोकांनी हातात हात धरले. २० ऑगस्ट १९९१ रोजी स्वातंत्र्य परतले.

रोजच्या जगण्यातही जुने टिकून आहे. आंबवलेल्या राईच्या काळ्या पावावाचून ताट पुरे होत नाही. आग्नेयेकडच्या व्होरो भागात धुराडे नसलेले न्हाणीघर असते. तासन्‌तास लाकडे जाळून दगड तापवायचे, धूर बाहेर जाऊ द्यायचा आणि मग काजळी धरलेल्या भिंतींत वाफ घेत बसायचे. पूर्वी बाळंतपणेही तिथेच होत.

नव्या राज्याकडे पैसा थोडा आणि माणसे विखुरलेली. म्हणून कारभार संगणकावर गेला. २००२ मध्ये डिजिटल ओळखपत्र आले, २००५ मध्ये इंटरनेटवरून मतदान. २०२३ च्या संसदीय निवडणुकीत निम्म्याहून अधिक मते तशी पडली. आपली नोंद कोणत्या कार्यालयाने उघडली हे नागरिकाला दिसते. २००७ मध्ये सोव्हिएत सैनिकाचा पुतळा हलवल्यावर बँका, वृत्तपत्रे आणि सरकारी संकेतस्थळांवर सायबर हल्ले झाले. पुढे एस्टोनियाने महत्त्वाच्या नोंदींच्या प्रती लक्झेंबर्गमध्ये ठेवल्या आणि त्या जागेला दूतावासासारखे संरक्षण मिळवले. त्यात जमिनीच्या मालकीच्या नोंदीही आहेत. जमीन गेली तरी ती कोणाची होती, हे सांगता यावे.

पण या जपणुकीला एक दुसरी बाजू आहे. सोव्हिएत काळात कारखान्यांसाठी बाहेरून माणसे आणली गेली, आणि मूळ एस्टोनियनांचे प्रमाण १९८९ पर्यंत सुमारे ६१ टक्क्यांवर घसरले. आज सीमेवरच्या नार्वा शहरात नव्वद टक्क्यांहून अधिक लोक रशियन बोलतात. १९४० नंतर आलेल्यांना आणि त्यांच्या मुलांना आपोआप नागरिकत्व मिळाले नाही. भाषेची परीक्षा द्यावी लागली. कित्येक हजार लोक अजून कोणत्याच देशाचे नागरिक नाहीत. २०२४ पासून रशियन शाळाही टप्प्याटप्प्याने एस्टोनियन माध्यमाकडे वळवल्या जात आहेत. एस्टोनियनांना हे भाषेच्या अस्तित्वाचे साधे गणित वाटते, तर नार्वातल्या आजीला नातवाची शाळा परकी झाल्यासारखे वाटते. परक्या सत्तेपासून देश राखण्याची कला या लोकांनी सातशे वर्षांत कमावली. तोच देश शेजारच्या घरातल्या माणसाशी वाटून घेणे त्यांना नव्याने शिकावे लागत आहे, आणि त्यासाठी पूर्वजांनी कोणतीही तालीम करून ठेवलेली नाही.