पहिली पाच सेकंदे कापली की...

१९ नोव्हेंबर २०२४. विधानसभेच्या मतदानाला एक रात्र उरली होती, जाहीर प्रचार थांबला होता, आणि मोबाइलवर काही ध्वनिफिती फिरू लागल्या. सुप्रिया सुळे आणि नाना पटोले यांचे म्हणून सांगितलेले आवाज त्यांत बिटकॉइनमधून निवडणुकीसाठी पैसा उभा करण्याविषयी बोलत होते. भाजपच्या समाजमाध्यम खात्यांवरूनही त्या प्रसृत झाल्या. दोघांनीही आरोप फेटाळले. सुळे यांनी निवडणूक आयोगाकडे तक्रार केली. ‘बूम’ या तथ्यपडताळणी संस्थेने त्यांतल्या काही फिती कृत्रिम बुद्धिमत्तेने बनवल्या असण्याची दाट शक्यता दाखवून दिली. पण तोवर त्या हजारो फोनांवर पोचल्या होत्या.

पटोले हे भंडारा-गोंदियाचे माजी खासदार. गोंदियाशेजारच्या साकोलीत ते त्या वेळी अवघ्या २०८ मतांनी निवडून आले. इतक्या निसटत्या लढतीत शेवटच्या रात्रीच्या अफवेला केवढे वजन येते, हे गोंदियाकरांना वेगळे सांगायला नको.

आवाजाची नक्कल आता अवघड राहिलेली नाही. कोणत्या क्षणी कोणती कंप्रता किती जोरात आहे, याचा आलेख संगणक काढतो. त्यातून बोलणाऱ्याची खासियत आकड्यांच्या रूपात वेगळी काढली जाते. मग कोणतेही वाक्य लिहून द्यावे. त्याचा नवा आलेख तयार होतो आणि त्यापासून ध्वनी. मायक्रोसॉफ्टच्या ‘वॅल-ई’ने २०२३ मध्ये फक्त तीन सेकंदांच्या नमुन्यावर आवाजाची नक्कल करून दाखवली. पुढाऱ्यांची तर तासतासभराची भाषणे यूट्यूबवर पडलेली असतात.

यावर आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये पक्षांना सूचना दिली: कृत्रिम प्रचारसाहित्यावर ठळक लेबल हवे. चित्रात ते दिसणाऱ्या भागाच्या किमान १० टक्के जागेवर, ध्वनीत सुरुवातीच्या १० टक्के वेळात. आता हिशेब करा. ५० सेकंदांच्या फितीत खुलासा पहिल्या पाच सेकंदांत येतो. ती पाच सेकंदे कोणत्याही फोनवर अंगठ्याने कापता येतात. पुढे जाते ती उरलेली ४५ सेकंदे, बिनलेबलाची. फाइलच्या पोटात लिहिलेली माहितीही स्क्रीन रेकॉर्डिंग केले की गळून पडते.

नंतर तपासून ओळखणेही सोपे नाही. यंत्राने घडवलेल्या ध्वनीत बारीक खुणा राहतात, पण व्हॉट्सॲपसाठी फाइल दाबून लहान करताना त्यांतल्या बऱ्याच पुसट होतात. शिवाय ओळखणारी साधने ज्या भाषांवर शिकली, त्यांतच भरवशाची असतात. आपल्याकडे झाडीबोली, पोवारी, गोंडी, हिंदी एकाच बाजारात ऐकू येतात. पोवारीतली बनावट फीत पकडायला पोवारीचे नमुने लागतील, आणि ते जमवण्याचे काम इथल्याच महाविद्यालयांनी हाती घ्यावे असे मला मनापासून वाटते.

त्यातल्या त्यात आश्वासक आहे ती ध्वनीतच विणलेली खूण. गूगलच्या ‘सिंथआयडी’सारख्या तंत्रात कानाला न जाणवणारा बदल संपूर्ण फितीत पसरलेला असतो, त्यामुळे सुरुवात कापली तरी तो उरतो. मात्र ज्याला फसवायचेच आहे तो अशी खूण न टाकणारे साधन वापरील.

आक्षेपार्ह साहित्य लक्षात आल्यापासून तीन तासांत काढा, असाही आयोगाचा दंडक आहे. २०२४ च्या लोकसभेला गोंदिया जिल्ह्यातल्या आमगावात मतदान सकाळी ७ ते दुपारी ३ होते. आठ तासांतले तीन तास म्हणजे फार झाले.

म्हणून साहित्य बाहेर पडण्याआधीच्या नोंदीला महत्त्व आहे. असे साहित्य कोणी, कधी बनवले याची नोंद पक्षांनी ठेवायची आहे. पण ती दाखवायची आयोगाला, तीही मागितल्यावर. उमेदवाराच्या खर्चाचा हिशेब नागरिकाला मागता येतो. तशीच ही नोंदही गोंदियाच्या मतदाराला मतदानाआधी, जिल्हा निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहता आली पाहिजे: कोणता आवाज यंत्राचा, कोणी बनवून घेतला आणि पैसे कोणी मोजले.