वाईट सालांचा जमाखर्च

शेतकऱ्याच्या घरी मूल वाढते, ते सुकाळात एका रीतीने आणि अवर्षणात दुसऱ्या रीतीने. सुकाळात त्यास पेरणी, काढणी आणि मळणी शिकावयास मिळते. अवर्षणात काय विकावे, काय राखावे आणि घरातील कोणाच्या वाट्याचे काढून कोणास द्यावे, हेही त्यास नकळत शिकावे लागते. आमचे बालपण या दुसऱ्या रीतीने गेले. वडिलांच्या पश्चात पेटीत राहिलेल्या त्यांच्या वह्या गेल्या वर्षी आम्ही प्रथमच स्वस्थपणे वाचल्या. त्यांत जे आढळले ते आमच्याच घरापुरते नाही, अशी खात्री पटल्यामुळे हा मजकूर शेतकरी बंधूंच्या पुढे ठेवीत आहोत.

आमचे गाव सोलापूर जिल्ह्यात, करमाळे तालुक्यात आहे. जमीन चौदा एकर. पैकी निम्मी काळी, उरलेली माळाची. मुख्य पीक रब्बी ज्वारीचे आणि तेही बहुतांशी मालदांडीचे. या पिकाचे सर्व दैव उत्तरा व हस्त नक्षत्रांच्या पावसावर अवलंबून असते. सन १९७० पासून पाऊस हात आखडता घेऊ लागला होता, आणि १९७२ साली तर हस्ताने पाठच फिरविली. पाभर घरातच राहिली. विहिरीचे पाणी दिवाळीपूर्वीच तळास गेले. मोट बुडेना, म्हणून नाडा व सोल गुंडाळून आढ्यास टांगून ठेवावे लागले.

अशा वेळी गृहस्थाची परीक्षा होते ती विक्रीच्या क्रमात. ज्याने प्रथम बैल विकले त्याने पुढील सालची पेरणीच विकली, असे वडील म्हणत. त्यांनी आधी म्हैस विकली, मग शेरडे, मग आईच्या पाटल्या. बैलांची जोडी मात्र त्यांनी अखेरपर्यंत राखली. कडबा संपल्यावर बैल काही महिने छावणीत ठेवले; तेथे त्यांस बागाइती भागातून आलेले उसाचे वाढे मिळे. बियाण्याची ज्वारी राखेत व लिंबाच्या पाल्यात घालून मडक्यात लिंपून ठेविली होती. त्या मडक्यापासून दोन हातांवर आम्ही भावंडे निजत असू. भुकेने झोप येत नसे, तरी त्या मडक्यास हात लावण्याचे कोणाच्या मनात आले नाही. खाण्यास शिधापत्रिकेवरील तांबडी मिलो ज्वारी होती. तिच्या भाकरीस चिकटपणा नसे. थापताना ती तुटे आणि आई तुकडे जोडून तव्यावर टाकी.

गावाशेजारी सरकारने दुष्काळी काम काढले. प्रथम खडी फोडण्याचे, नंतर पाझर तलावाचे. त्या काळी महाराष्ट्रात अशा कामांवर किती माणसे होती याचा अंदाज यावा म्हणून एवढेच सांगतो की, मे १९७३ मध्ये ही संख्या ५० लक्षांच्या घरात गेली होती. जमीनदार म्हणविणारी कुटुंबेही त्यांत होती. सातबाऱ्यावर चौदा एकर असलेल्या आमच्या वडिलांनी पहिल्या दिवशी डोक्यास मुंडासे न बांधता उपरणे तोंडावरून घेतले होते, हे आम्हांस स्पष्ट आठवते. चौथ्या दिवशी ते उपरणे खांद्यावर आले; कारण शेजारच्या ढिगावर गावचे पाटीलच खडी फोडीत बसले होते.

आमची थोरली बहीण, तिला आम्ही अक्का म्हणतो, त्या वेळी तेरा वर्षांची असून सातवीत शिकत होती. आम्ही नऊ वर्षांचे, धाकटे बंधू सहांचे. मजुरी मोजणीवर मिळे, म्हणून घरातून तिसरे माणूस कामास पाहिजे होते. हजेरी घेणाराने अक्काचे वय विचारले तेव्हा वडिलांनी अठरा सांगितले. त्याने तिच्याकडे एकवार पाहिले आणि अठरा लिहिले. त्या दिवसापासून तिची शाळा सुटली. दुपारी कामावर वाटलेली सुकडी ती पदरात बांधून आणी आणि आम्हां दोघां भावांस देई. तिने स्वतः ती खाल्ली किंवा नाही, हे विचारण्याचे आम्हांस त्या वयात सुचले नाही. आणि पुढील वयातही सुचले नाही.

१९७३ साली पाऊस चांगला झाला. बैल व बियाणे घरात असल्यामुळे आमची पेरणी वेळेवर साधली. बैल विकून बसलेल्या कित्येकांस मात्र दुसऱ्याच्या औताची वाट पाहत ओल वाया घालवावी लागली. त्या सुगीने घर सावरले. आम्ही भाऊ पुढे शिकलो. अक्काचे लग्न सोळाव्या वर्षी झाले. त्या दुष्काळातील कामांच्या अनुभवावरून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली केला, आणि पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. राज्याने त्या सालांपासून धडा घेतला. आमच्या घराने तो घेतला नव्हता, हे आता सांगावयाचे आहे.

वडील २०११ साली वारले. वारसांची नावे लागली, तेव्हा रिवाजाप्रमाणे आम्ही अक्कास बोलावून हक्कसोडपत्रावर तिची सही घेतली. २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीचा हक्क मुलाच्या बरोबरीचा झाला आहे, हे आम्हांस ठाऊक होते. तिने काही विचारले नाही. आम्ही साडी-चोळी केली आणि आपण रीत पाळली असे मानून स्वस्थ राहिलो.

गेल्या वर्षी वही उघडली ती १९७२-७३ ची. शेवटच्या पानावर ‘देणे’ या सदराखाली चार रकमा होत्या: सोसायटीचे कर्ज, वाण्याची उधारी, मामांकडून आणलेले दोनशे रुपये, आणि चौथी ओळ, ‘अक्काचे मस्टर, ३१२ रुपये ६० पैसे’. मागील पानांवर आठवड्यांची मांडणी होती; तिच्या मजुरीचा प्रत्येक पैसा वडिलांनी घराच्या मिळकतीत न धरता घराने तिचे घेतलेले कर्ज म्हणून लिहिला होता. पहिल्या तिन्ही रकमांवर फेडल्याची रेघ १९७५ पर्यंत मारलेली आहे. चौथ्या रकमेवर रेघ नाही.

ती वही घेऊन आम्ही दोघे भाऊ अक्काच्या घरी गेलो. तिला ते पान वाचून दाखविले. बराच वेळ ती बोलली नाही. मग म्हणाली, “दादांनी लिहून ठेवलं होतं होय?” आणखी काही तिने मागितले नाही. त्यानंतर विहिरीलगतचे दोन एकर आम्ही बक्षीसपत्र नोंदवून तिच्या नावे केले. दस्तास बक्षीसपत्र म्हणतात म्हणून लिहिले. वस्तुतः ती परतफेड आहे, आणि तीही पुरती नव्हे.

यावरून वाचकांस आमचे सांगणे थोडे आहे. वाईट साल पुन्हा येणार नाही असे कोणी समजू नये. ते येईल तेव्हा घरातील जाणत्या मुलांस जवळ बसवून काय विकावयाचे आणि काय राखावयाचे याचा क्रम त्यांच्या समक्ष ठरवावा. बैल किंवा आजचे औजार, बियाणे आणि विहीर ही शेवटपर्यंत सोडू नयेत. जमाखर्च लिहीत असता बाजारातून आलेल्या पैशाप्रमाणेच घरातील प्रत्येकाचे कष्टही नावानिशी मांडावेत. मुलगा शाळेत राहिला तो कोणाच्या हातांमुळे राहिला, हे वहीत दिसले पाहिजे. आणि बहिणीपुढे हक्कसोडीचा कागद ठेवण्यापूर्वी जुन्या वह्या एकदा उघडून पाहाव्या. वही नसेल तर आईस विचारावे. तिला सर्व तोंडपाठ असते.

वडिलांच्या त्या पानावर आम्ही अद्याप रेघ मारलेली नाही. तो अधिकार अक्काचा आहे, म्हणून वही तिच्याकडेच ठेवून आलो आहोत.