गोमंतक आणि अमेरिकेचे गणित

ऑगस्ट २०२५ मध्ये रशियन तेलाचे निमित्त करून अमेरिकेने भारतीय मालावर जादा जकात लादली, तेव्हा मित्रराष्ट्राने असे का वागावे, असा प्रश्न पुष्कळ सुशिक्षितांनी विचारला. जयसिंगपूरहून मिरज-लोंढामार्गे गोव्याला जाणाऱ्यांना तरी हा प्रश्न पडू नये. कॅसलरॉकपाशी एके काळी परकी सरहद्द होती आणि ती टिकवू पाहणाऱ्यांत वॉशिंग्टनही होते.

१५ ऑगस्ट १९५५ रोजी पोर्तुगीजांनी निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या झाडल्या. वीसाहून अधिक बळी पडले. चार महिने लोटण्यापूर्वीच अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डलेस यांनी पोर्तुगालच्या कुन्हांसमवेत निवेदन काढून या वसाहतींचा 'प्रांत' म्हणून उल्लेख केला. हा शब्द सालाझारांचा. १९५१ मध्ये त्यांनी घटनेत बदल करून वसाहतींना हे गोंडस नाव दिले होते.

डलेस यांना सालाझारांचे प्रेम होते असे नव्हे. अटलांटिक ओलांडणाऱ्या अमेरिकी विमानांना अझोर्स बेटांवरील तळ हवा होता, आणि ती बेटे पोर्तुगालची. केनेडींच्या कारकिर्दीत, मार्च १९६१ मध्ये, अंगोलाच्या प्रश्नावर अमेरिकेने पोर्तुगालविरुद्ध मत दिले खरे. पण तळाचा करार १९६२ अखेर संपणार होता. डिसेंबर १९६१ मध्ये भारतीय फौजा गोव्यात शिरताच वसाहतवादाचे हे विरोधक सुरक्षा समितीत भारताला माघार घ्यायला सांगू लागले. ठरावाला सात मते पडली, विरोधात चार. रशियाच्या नकाराधिकाराने तो बारगळला.

रशियाचे हे करणे निव्वळ औदार्य होते काय? १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानशी शस्त्रकरार करून या उपखंडाचा तोल बिघडवला. साम्यवादाविरुद्ध म्हणून दिलेले पॅटन रणगाडे १९६५ मध्ये खेमकरणच्या शेतांत आमच्यावर चालून आले. तो बिघडलेला तोल ही मॉस्कोला आयती संधी होती. शिवाय ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले तेव्हा क्यूबाच्या पेचात सापडलेली मॉस्को चीनकडे झुकली, आणि शस्त्रे घेऊन विमाने आली ती अमेरिकेची! ज्यांनी वर्षापूर्वी आम्हाला आक्रमक ठरवले, त्यांचीच.

एवढा इतिहास पाठीशी असताना दिल्लीत अमुक राष्ट्राच्या मैत्रीवर भिस्त ठेवून धोरण आखले जावे, हे आम्हाला तरी समजत नाही.

पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले ते १९७४ च्या अखेरीस, लिस्बनमधील हुकूमशाही कोसळल्यावर. अझोर्सच्या तळावर अमेरिकी विमाने त्यानंतरही उतरत राहिली.