अंडं उबवणारा बाप

मैत्रिणींनो, मुंबईच्या राणीच्या बागेतले पेंग्विन तुमच्यापैकी काहीजणींनी पाहिले असतील. ते हम्बोल्ट जातीचे, पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, जेमतेम दोन-सव्वादोन फुटांचे. त्यांचा सगळ्यात थोरला भाऊबंद म्हणजे एम्परर पेंग्विन. उंची जवळजवळ ४ फूट, वजन ४० किलोपर्यंत. मुक्काम फक्त अंटार्क्टिकात.

मला अप्रूप वाटतं ते याच्या संसाराचं. पिल्लांचा घाट घालायचा तोही ऐन हिवाळ्यात! मे-जूनमध्ये गोठलेल्या समुद्रावर मादी एकच अंडं घालते. घरटं नाहीच. ते अंडं ती अलगद नराच्या पायांवर सोपवते. जरा वेळ बर्फावर राहिलं, तर गोठलंच म्हणून समजा. नर ते पोटाच्या कातडीच्या घडीखाली झाकतो आणि सुमारे ६५ दिवस उबवतो. बाहेर उणे ४० अंश थंडी आणि बोचरा वारा. शेकडो बाप एकमेकांना खेटून उभे राहतात आणि आळीपाळीने ऊब घेतात. जोडी जमवायला आल्यापासून मोजलं, तर जवळपास चार महिने त्याच्या पोटात अन्नाचा कण नसतो.

आमच्या बचत गटात हे सांगितलं, तर एकजण म्हणाली, ‘‘बरं आहे बाई, ती सुटली की!’’ तसं नाही हं. अंडं घालेपर्यंत तीही उपाशीच असते. मग बर्फावरून मैलोन्‌मैल चालत समुद्र गाठायचा, खाऊन अंगात ताकद आणायची आणि पिल्लासाठी पोटात अन्न साठवून दोन महिन्यांनी परतायचं. एवढ्या गर्दीत जोडीदार ओळखायचा तो आवाजावरून. तिला उशीर झालाच, तर बाप अन्ननलिकेत तयार होणारं दुधासारखं द्रव्य पिल्लाला भरवतो. ती आली की त्याची सुटका. पुढे दोघं पाळीपाळीने पिल्लाला वाढवतात.

पण हा संसार उभा आहे बर्फावर. पिल्लांना पाण्यात टिकणारी पिसं यायला डिसेंबर उजाडतो. त्याआधी बर्फ फुटला, तर पिल्लं बुडतात किंवा गारठून मरतात. २०१६ मध्ये हॅली बे इथं हजारो पिल्लं अशीच गेली. २०२२ मध्ये बेलिंग्सहॉसन समुद्राकाठच्या पाचपैकी चार वसाहतींमधला बर्फ पिल्लं मोठी होण्याआधीच गेला.

आई-बाप आपापल्या वाट्याचं काम चोख करतात. पायाखालचा बर्फ टिकवणं मात्र त्यांच्या हातात नाही. पृथ्वी तापवणारे आपण, तेव्हा ती जबाबदारीही आपलीच, नाही का?