गोव्याच्या औद्योगिक वसाहतीत मॉडर्न आर्टचं म्युझियम! परभणीच्या ठेच्याशी त्याचा काय संबंध?

परभणीहून गोव्याला निघालेल्या कुठल्याही ग्रुपचा प्लॅन साधारण सारखाच असतो. कळंगुट, बागा, एखादा किल्ला, जुन्या गोव्यातलं चर्च आणि येताना काजूची पाकिटं. आमचाही तोच होता. तिसऱ्या दिवशी पावसाने सगळ्यावर पाणी फिरवलं, म्हणून मी मोबाईलवर एक म्युझियम शोधून काढलं. "गोव्यात येऊन म्युझियम?" गाडीत मागून आवाज आलाच.

मॅपने आम्हाला नेलं ते पिळर्णच्या औद्योगिक वसाहतीत. दोन्ही बाजूंना कारखाने, कंपाउंडच्या भिंती, कडेला लागलेले मालट्रक. आपल्याकडची एमआयडीसी असते ना, अगदी तशीच. रस्ता चुकला म्हणून ड्रायव्हर गाडी वळवणार, तेवढ्यात बोर्ड दिसला : म्युझियम ऑफ गोवा.

हे 'मोग' आहे तरी काय?

इंग्रजी आद्याक्षरं जोडली की 'मोग' होतं. कोकणीत मोग म्हणजे प्रेम. २०१५ मध्ये हे म्युझियम सुरू झालं. ते सरकारी नाही, कुठल्या राजघराण्याचंही नाही. सुबोध केरकर या कलाकाराने ते उभं केलंय. केरकर शिक्षणाने डॉक्टर. वडील चित्रकार, त्यामुळे जलरंग घरातच होते. पुढे त्यांनी डॉक्टरकी सोडली आणि पूर्णवेळ कलेला वाहून घेतलं. हे वाक्य मराठवाड्यातल्या एखाद्या घरात मोठ्याने वाचून बघा, जेवता जेवता सगळे थांबतील.

इथे तलवारी, नाणी, राजांच्या पगड्या नाहीत. गोव्याचा इतिहास आहे, पण तो मिरची, शिंपले, फुटक्या चिनीमातीचे तुकडे आणि होड्या अशा वस्तूंमधून सांगितलेला.

मिरची आली कुठून?

मी सगळ्यात जास्त वेळ थांबलो ते मिरचीपाशी. केरकरांनी मिरचीची भलीमोठी शिल्पं केली आहेत. पहिल्यांदा हसू येतं. मग त्यामागची गोष्ट कळते आणि हसू जातं.

मिरची मूळची अमेरिका खंडातली. वास्को द गामा १४९८ मध्ये कालिकतला उतरला तो मिरीच्या, म्हणजे काळ्या मिऱ्याच्या शोधात. १५१० मध्ये पोर्तुगीजांनी गोवा घेतला आणि त्याच शतकात त्यांच्या जहाजांमधून मिरची इथे आली. त्याआधी आपल्या स्वयंपाकातला तिखटपणा मिरी आणि पिंपळीचा होता. 'मिरची' हा शब्दसुद्धा मिरीच्याच कुळातला. पाहुणी आली आणि घरधनिणीचं नाव घेऊन बसली.

आता परभणीचं ताट डोळ्यांसमोर आणा. ठेच्यातली मिरची अमेरिकेची. त्यातला शेंगदाणा दक्षिण अमेरिकेचा. भाकरी तरी आपली म्हणावी, तर ज्वारीचं मूळ आफ्रिकेत! ती मात्र फार जुन्या काळी आली आणि इतकी मुरली, की आपल्या कृषी विद्यापीठाने काढलेल्या वाणाचं नावच 'परभणी मोती' आहे. बटाटा, काजू, अननस, पाव, चावी, पगार हे शब्दही पोर्तुगीजांकडूनच आले. समुद्र न बघितलेल्या माणसाच्या तोंडातही समुद्रमार्गे आलेली भाषा आहे. शाळेत इतिहासाच्या पुस्तकात मला हे असं कधी दिसलं नव्हतं.

समुद्रही कलाकार?

केरकरांची आणखी एक पद्धत मला इंजिनिअर म्हणून जाम आवडली. ते चिनीमातीच्या बशा समुद्राच्या तळाशी ठेवतात. काही महिन्यांनी त्या बाहेर काढल्या, की त्यांच्यावर कालवं आणि इतर शिंपल्यांचे जीव वसलेले असतात. डिझाइन अर्धं माणसाचं, अर्धं समुद्राचं. आउटपुट काय येईल हे आधी सांगता येत नाही, आणि इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत आम्हाला नेमकं तेच टाळायला शिकवलं होतं. एका मालिकेत त्यांनी मच्छीमारांनाच वाळूवर होडीच्या आकारात उभं करून वरून फोटो काढले. २०१७ मध्ये जवळच्याच साळगावात सुमारे दीड लाख टाकाऊ प्लास्टिक बाटल्यांची फुलं करून गालिचा अंथरला. हेच साळगाव फ्रान्सिस न्यूटन सूझांचं जन्मगाव. १९४७ मध्ये मुंबईत प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट ग्रुप सुरू करणाऱ्यांत ते पुढे होते.

पण याला आर्ट म्हणायचं का?

आमच्यातल्या एकाचा प्रश्न : "हे तर मी पण केलं असतं." हा प्रश्न शंभर वर्षांहून जुना आहे. १९१७ मध्ये मार्सेल द्युशाँने न्यूयॉर्कच्या प्रदर्शनासाठी चक्क लघवीचं भांडं पाठवलं होतं. आयोजकांनी ते मांडलं नाही, तरी वाद अजून संपलेला नाही. तेव्हापासून कौशल्याइतकंच महत्त्व कल्पनेला आलं. काटेकोर बोलायचं तर मोगमधली कला 'मॉडर्न' नव्हे, 'समकालीन' आहे. बोलीत आपण दोन्हीला मॉडर्न आर्टच म्हणतो, त्यात काही बिघडत नाही.

जिंतूर तालुक्यात चारठाण्याची जुनी मंदिरं बघताना मात्र आपण 'याचा अर्थ काय' असं विचारत नाही. आधी बघतो. इथेही तसंच करावं.

सगळंच भारी आहे असं नाही. काही कामं फार सरळ बोलतात, एका नजरेत संपतात. शिवाय संस्थापकच मुख्य कलाकार, त्यामुळे इथला गोव्याचा इतिहास बराचसा एका माणसाच्या नजरेतला आहे. पण पहिल्यांदाच असं म्युझियम बघणाऱ्याला हा सरळपणाच आत घेतो, असं माझं मत.

बाहेर पडताना मला माझी इंटरमिजिएट ड्रॉइंगची परीक्षा आठवली. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट देतात. दहावीला वाढीव गुण मिळतात आणि रंगपेटी माळ्यावर जाते. माझीही गेली. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कला महाविद्यालय आहे, हे मला कळलं तोवर इंजिनिअरिंगचं दुसरं वर्ष सुरू होतं. घरात कुणी चित्र काढणारं असेल, तर त्याला हे नववीतच सांगून ठेवा.

जायचं असेल तर पणजीहून मांडवीचा पूल ओलांडून पर्वरीमार्गे पिळर्ण. तिकीट आहे. दोन तास हाताशी ठेवा. रविवारी इथे व्याख्यानंही होतात.

मिरचीच्या शिल्पाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला. आईचं उत्तर लगेच आलं : "मिरच्या काय दाखवतोस, जेवलास का?"